वीटभट्टीवरची शिट्टी

तुळशीराम मुकादमाने पारूचा दंड धरून तिला विटांच्या रांगेतून फरफटत बाहेर काढलं आणि हातातला ओला दोर तिच्या पाठीवर ओढला. नऊ वर्षांची पोर. बकरी हाकलताना तिचा पाय चार कच्च्या विटांवर पडला, एवढाच तिचा गुन्हा. दुसऱ्या फटक्याला ती किंचाळली. तिसऱ्याला तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही.

बाजाराचा दिवस होता. भट्टीवरची मोठी माणसं पनवेलला गेली होती. मागे फक्त पोरं आणि हा.

दिपाने गळ्यातली लाल शिट्टी ओठांत धरली. सोळा वर्षांची दिपा या पोरांत सगळ्यांत मोठी. गेले चार रविवार ती खारघरला दिनाताईंकडे जात होती. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या ताई मोठ्या मुलामुलींना लहानग्यांचं रक्षण कसं करायचं ते शिकवत. मारणाऱ्यावर हात उचलायचा नाही. शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी धावत येऊन भोवती उभं राहायचं, मग मुलांच्या मदतीसाठीच्या दहा-नऊ-आठ या नंबरला फोन लावायचा. शिकवणं चोख होतं. फक्त भट्टीवर शिट्टी कशासाठी वाजते, हे ताईंनी विचारलं नव्हतं आणि दिपाने संकोचापायी सांगितलं नव्हतं.

शिट्टी वाजली. झोपड्यांतून अकरा पोरं धावत सुटली आणि थेट विटांच्या रांगांपाशी जाऊन बसली. इथे शिट्टी म्हणजे मुकादमाची, वाळत्या विटा उलटायची वेळ. पारूचा सख्खा भाऊ सुरज, तोही मान खाली घालून कामाला लागला.

तुळशीराम हसला.

"वाजव, अजून वाजव. तेवढंच काम होतंय."

पुढचा फटका पारूच्या कानावर बसला. रक्त गळ्यापर्यंत आलं. बाजूला पडलेलं फावडं उचलून याच्या टाळक्यात घालावं, असा संताप दिपाला आला. तिने दांडा धरलादेखील. मग सोडला, आणि दम संपेपर्यंत पुन्हा शिट्टी फुंकली.

सुरजने वर पाहिलं. मुकादमाच्या एका हातात दोर होता, दुसऱ्यात पारूचे केस. त्याची शिट्टी छातीवर नुसती लोंबत होती.

सुरज उठला. त्याच्यामागून बाकीची उठली. येताना प्रत्येकाच्या हातात वीट होती. ते पाहून तुळशीराम एक पाऊल मागे सरकला.

"टाका खाली," दिपा ओरडली. "आपुन मारायचं नाय."

विटा खाली पडल्या आणि फुटल्या.

तुळशीरामने पारूचे केस सोडले आणि स्वतःची शिट्टी तोंडात घातली. एकदा वाजवली, दोनदा वाजवली. एकही पोर जागचं हललं नाही. सुरज बहिणीच्या पुढे जाऊन उभा राहिला. दोर त्याच्याही खांद्यावर बसला. तो कळवळला, पण बाजूला झाला नाही.

दिपाने मोबाईल काढून नंबर लावला. पलीकडच्या बाईने आधी पत्ता विचारला, मग पारूचं वय विचारलं.

"मारणारा माणूस अजून तिथेच आहे का?"

दिपाने दोराकडे पाहिलं, मग पोरांकडे.

"हाय," ती म्हणाली. "पन आमी बी हाय. सगली. लवकर या."