लसीच्या पेटीत आईचा हात

मित्रांनो, मला पाहून सहलीला न्यायचा पाण्याचा डबा असावा असं पुष्कळांना वाटतं. मीही कधी कुणाची समजूत खोडून काढली नाही. पण मी लसीची पेटी आहे. जुनी, निळ्या अंगाची, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची. माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. तरी एक दिवस असा आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

कारखान्यात माझ्या दुहेरी भिंतींच्या मध्ये फेस भरला गेला, बाहेरचं ऊन आत शिरू नये म्हणून. तिथून मी आरोग्य केंद्रात आले आणि सिस्टरच्या खांद्यावर चढले ती कायमची. लस गार ठेवायची एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण लस ही मोठी नाजूक पाहुणी. तिला ऊन सोसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही लशींना गोठणंही सोसत नाही, हे कमी जणांना ठाऊक असतं. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यावरची त्रिगुणी लस अशीच आहे. एकदा गोठली की ती वाया गेली. पुन्हा वितळून पहिल्यासारखी दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून फ्रीजरमधले आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या बाटल्या, लगेच माझ्यात ठेवायचे नसतात. आधी ते टेबलावर मांडायचे. त्यांना घाम फुटला, कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मगच उचलायचे. सिस्टर रोज असं करत. मूल कितीही रडलं तरी दूध निवू देणाऱ्या आईसारख्या त्या थांबत.

त्या दिवशी मात्र थांबल्या नाहीत.

शाळेमागच्या गल्लीत एका मुलाला घटसर्प झाला होता. त्याला श्वासासाठी गळ्यात नळी घालावी लागली, ही बातमी घरोघरी पोचली होती. लशी पूर्ण असल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही, हा शाळेचा नियम जुनाच. पण आजवर ‘देऊ नंतर’ म्हटलं की चालून जाई. आता मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, ते बंद केलं. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. पाचव्या वर्षीचा डोस राहिलेल्या मुलांसाठी सिस्टरना शाळेत बोलावलं होतं. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. सिस्टरनी फ्रीजरमधून पांढरेफटक, खडखडीत आइसपॅक काढले आणि तसेच माझ्यात बसवले. मध्ये लस. वर झाकण.

रस्ता लांबचा होता. तो गारठा माझ्या ओळखीचा नव्हता. वस्तूला कळतं सगळं, मित्रांनो, बोलता तेवढं येत नाही. प्रत्येक खड्ड्याला मी सिस्टरच्या गुडघ्यावर आपटत होते. त्या मला नुसत्या सरळ करत होत्या.

शाळेच्या कार्यालयात रांग लागली होती. पहिली होती ठमी, आईचा पदर धरून उभी असलेली. तिची आई शर्ट शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि मोठ्या मिनतवारीने सुट्टी घेऊन आली होती. आज लस झाली नाही तर ठमीची जागा पुढच्या मुलाला जाणार होती.

सिस्टरनी झाकण उघडलं. लसीची बाटली उचलली आणि त्यांचा हात तसाच राहिला. बाटलीत बर्फाचे खडे होते.

त्यांनी बाटली मुठीत धरली. मुठीच्या उबेने खडे विरघळले. बाटली अगदी नेहमीसारखी दिसू लागली. पाहणारे तिघंचौघं, पण खडे पाहिले होते ते त्यांनी एकटीनेच. मला धास्ती वाटली ती त्या क्षणाची. आता गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं.

“ही द्यायची नाही,” सिस्टर म्हणाल्या. “गोठली होती. बाकीच्याही तशाच असणार.”

मोठ्या बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. “मला तर चांगली दिसतेय.”

“दिसायला चांगलीच दिसते. तोच तर घोळ आहे.”

“अहो, टोचून टाका ना,” ठमीची आई म्हणाली. “प्रमाणपत्र झालं की झालं. मी काय रोज सुट्टी काढू?”

“प्रमाणपत्राला घटसर्प होत नाही, बाई. पोरीला होतो.”

“मग गोठली कशी? आम्ही गोठवली?”

“नाही. चूक माझी. घाई केली मी.”

“वा. घाई तुम्ही करायची आणि वर्ष माझ्या पोरीचं जायचं.”

सिस्टरनी सगळ्या बाटल्या वेगळ्या पिशवीत बांधल्या आणि केंद्रात फोन लावून पाहिला. कुणी उचलला नाही. “मी परत येते,” एवढंच बोलून त्या निघाल्या.

केंद्रात पोचल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. नवे आइसपॅक टेबलावर मांडले, आणि त्यांना काही केल्या घाम फुटेना. सिस्टरना फुटला. त्या पॅक कानाशी नेत, हलवत, पुन्हा ठेवत. गाडीवाला दारात येऊन उभा राहिला. “सिस्टर, शाळा बंद होईल. बर्फाला काय न्हाऊमाखू घालताय?”

“तू गाडी चालू कर. मी एकदाच चुकते.”

उन्हं उतरू लागली होती. मी झाकण उघडं टाकून वाट पाहत होते. शेवटी एका पॅकमध्ये पाणी वाजलं. मग दुसऱ्यात. मग उरलेल्यांत. सिस्टरनी ते माझ्यात बसवले, मध्ये नवी लस ठेवली.

आम्ही पोचलो तेव्हा कार्यालयाची खिडकी बंद झाली होती. पण मोठ्या बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कारकून किल्ल्या वाजवत मागे उभे होते.

“वेळ संपली, बाई,” ते म्हणाले.

“मुलं वेळेतच आली आहेत. उशीर मुलांना झालेला नाही. बसा तुम्ही.”

सिस्टरनी सुई काढली, तशी ठमीच्या आईने मुलीला मागे ओढलं. दिवसभर ज्या लसीसाठी ती भांडली, तीच समोर आली आणि ती घाबरली.

“ही बरी आहे कशावरून?” तिने विचारलं.

कारकुनांनी कपाळावर हात मारला. सिस्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी तिला हात धुवायला लावले, मला तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “घाला हात. बघा.”

मित्रांनो, माझ्यात आजवर फक्त सिस्टरचे हात आले होते. त्या दिवशी एका आईचा हात आला. बोटांना सुईची भोकं पडलेली होती. तो हात आइसपॅकवरून फिरला, घामाने ओला झाला. तिने एक पॅक हलवला. पाणी वाजलं. बाटली उचलून उजेडात धरली. आत खडे नव्हते.

तिने स्वतःच ठमीची बाही वर केली. “तिकडे बघ, त्या काकांच्या टकलाकडे,” ती म्हणाली. ठमी हसत होती तोवर सुई आत जाऊन बाहेरही आली होती. मग रडली, पण तेव्हा तिचं नाव पहिलीत लागत होतं.

आता माझी कडी सैल झाली आहे. झाकण नीट बसत नाही, म्हणून मला कपाटावर ठेवलं आहे. कामावर नव्या पेट्या जातात. तक्रार नाही. एकच मागणं आहे. शाळेत तुमच्या शेजारी बसणारं मूल तुमच्या लसीच्याही भरवशावर बसलेलं असतं, तेव्हा लस चुकवू नका. आणि घरचं कुणी भीत भीत ‘कशावरून?’ म्हणून विचारत असेल, तर त्याला हसू नका. झाकण उघडा आणि त्याला आत बघू द्या.