बावड्यात मोजलेली पृथ्वी

कृष्णात सरांनी लिहिलेल्या निवेदनावर दोनशे बारा सह्या झाल्या होत्या. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या सरकारी हायस्कुलात ते सव्वीस वर्षं गणित शिकवत होते आणि गावात कुणाला अर्ज लिहून हवा असला तर तो त्यांच्याच दारात यायचा. जानेवारीत वरून पत्र आलं, की जूनपासून ही शाळा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या योजनेत घ्यायचा विचार आहे. तेव्हा विरोधाचा कागदही त्यांनीच लिहिला.

गावात दोन तट पडले होते. नव्या कॉलन्यांतल्या पालकांना योजना हवी होती. बड्या घरच्या पोरांना मिळतं ते शिक्षण आपल्या पोरांना दारात मिळतंय, तर नको का म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. जुन्या शेतकरी घरांत मात्र धास्ती होती. मराठी मागं पडेल, महाराजांचा इतिहास दोन पानांवर येईल, आणि उद्या योजनाच गुंडाळली तर पोरांच्या हातात कुणी न ओळखणारं सर्टिफिकेट राहील. शाळा समितीचे अध्यक्ष आकाराम आण्णा ऊसवाले, साखर कारखान्याचे जुने सभासद. पुण्यामुंबईत शिजलेलं आमच्या ताटात वाढू नका, असं ते चारचौघांत बोलून मोकळे झाले होते.

निवेदनात पाच मुद्दे होते. पाचवा असा होता : ‘सदर अभ्यासक्रम शेतकरी व कष्टकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या आकलनापलीकडचा आहे.’ हे लिहिताना सरांचा हात कुठं अडखळला नव्हता.

विज्ञान शिकवणाऱ्या मुबशिरा मॅडम तेवढ्या शाळेत योजनेच्या बाजूनं होत्या. पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन त्या पुण्याहून आल्या होत्या. रविवारी पालकांची सभा ठरली होती. त्याआधी शुक्रवारी नववीला नव्या पुस्तकातला एकच धडा करून बघते, मला तुमचे दोन तास द्या, असं त्यांनी सरांना विचारलं. सरांनी दिले. धड्यातल्या चुका स्वतःच्या डोळ्यांनी बघून सभेत सांगता येतील, हा त्यांचा हिशोब.

धड्याचं नाव होतं ‘पृथ्वीचा घेर मोजा’. त्यासाठी एक सळई, तिची सावली आणि आपल्या नीट उत्तरेला लांबवर असलेली दुसरी शाळा एवढंच लागणार होतं. पोरांनी नकाशावर कोल्हापुरापासून सरळ वर दोरा ताणला. तो अजमेरच्या अगदी जवळून गेला. मॅडमची मामेबहीण लग्न होऊन अजमेरला गेलेली, तिथल्याच सरकारी शाळेत शिकवणारी. तिनंही तिच्या वर्गाला तयार केलं.

एक मीटरची सळई मैदानातल्या फरशीवर उभी करायची होती. ती नीट सरळ हवी होती. त्या आठवड्यात निसार गवंडी शाळेच्या कुंपणाची भिंत बांधत होते. वर्गातली संयोगिता त्यांच्याकडं जाऊन त्यांचा ओळंबा मागायला लागली. निसारभाई ओळंबा दुसऱ्याच्या हातात देत नसत. ते स्वतःच आले, दोरीला टांगलेलं ते पितळी वजन सळईजवळ धरलं, चारी बाजूंनी बघितलं आणि सळईच्या बुडाला सिमेंटचा गोळा लावून दिला. मग कामावर परत न जाता तिथंच उभे राहिले.

फेब्रुवारीचं ऊन होतं. कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडून फरशीवर पडत होती आणि एक मुलगा ती फडक्यानं पुसत होता. साडेबारापासून दर दोन मिनिटांनी संयोगिता सावलीच्या टोकाला खडूनं खूण करत होती. सावली आखडत चालली. कृष्णात सर व्हरांड्यात हाताची घडी घालून बघत होते. घड्याळात बारा वाजून गेले की सूर्य कलला, असं त्यांनी आयुष्यभर धरलेलं. पण सावली अजून लहानच होत होती. बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी ती थांबली आणि पुढच्या खुणेला केसभर वाढली.

“सर, बावड्याचे बारा आत्ता वाजले,” संयोगिता म्हणाली.

सर व्हरांड्यातून खाली उतरले.

इथली सावली साडेछप्पन्न सेंटिमीटर भरली. थोड्या वेळानं अजमेरहून फोन आला. तिथली एक्याऐंशी. तेवढीच सळई, तोच सूर्य, आणि सावलीत साडेचोवीस सेंटिमीटरचा फरक. त्यावरून कोन काढायला पोरांना वेळ लागला नाही. ते त्रिकोणमितीचं प्रकरण सरांनीच दिवाळीनंतर शिकवलं होतं. इथं साडेएकोणतीस अंश, तिथं एकोणचाळीस. फरक साडेनऊ.

वर्गात आल्यावर मॅडमनी फळ्यावर मोठा गोल काढला, त्यावर दोन सळया आणि सूर्याचे किरण. दोन्ही सळया खाली वाढवत नेल्या तर पृथ्वीच्या मध्याशी मिळतात आणि तिथं होणारा कोन साडेनऊ अंशांचाच असतो, हे त्यांनी सांगितलं. पण का, हे त्यांना नीट मांडता येईना. दोनदा पुसून त्यांनी सरांकडं बघितलं.

सरांनी खडू घेतला. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण समांतर धरायचे. तर ह्या समांतर रेषा, आणि ही सळई म्हणजे त्यांना छेदणारी रेषा. आता व्युत्क्रम कोन समान. एवढं बोलून त्यांचा हात फळ्यावरच थांबला.

ही आकृती त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. किती वर्गांत, किती वेळा, त्याला गणती नव्हती. दोन आडव्या रेषा, एक तिरकी, पाच मार्कांचा प्रश्न. त्या रेषा सूर्यापासून निघून ह्या मैदानावर येतात आणि ती तिरकी रेषा पायाखालून पृथ्वीच्या पोटात जाते, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पाठीमागं चाळीस पोरं बसलेली. सरांना वळवेना.

“सर?” मॅडम हळूच म्हणाल्या.

“करा गुणाकार,” ते म्हणाले.

नकाशावर अंतर एक हजार ऐंशी किलोमीटर निघालं होतं. साडेनऊ अंशांना एवढं, तर तीनशेसाठ अंशांना किती? पोरांनी वहीत मांडलं. चाळीस हजार नऊशे सव्वीस किलोमीटर. मॅडमनी पुस्तकातला आकडा वाचला : चाळीस हजार आठ. शंभरात सव्वादोनची चूक. कुणी टाळी वाजवली नाही. एक सळई आणि खडूच्या काही खुणा एवढ्यावर ही मुलं सबंध पृथ्वीला वळसा घालून बाकावर येऊन बसली होती.

खिडकीत निसारभाई उभे होते. त्यांनी विचारलं, “सर, म्हंजे हितली माझी भिंत वळंब्यात हाय आन् अजमेरची बी वळंब्यात हाय, पर त्या दोगी एकमेकीला सरळ न्हाईत?”

“न्हाईत, निसारभाई. साडेनऊ अंशाचा फरक हाय.”

निसारभाईंनी हातातला ओळंबा दोरीला धरून वर उचलला. “तीस वर्सं हे टांगतोय,” ते म्हणाले. “कुठं बोट दावतंय ते आज कळलं.”

संध्याकाळी घरी जाताना सरांनी उसाच्या फडाशी स्कूटर थांबवली. तोडणी अर्धी झाली होती. राहिलेला ऊस उभा होता आणि सरांना वाटलं, ह्यातला एकेक ऊस खाली पृथ्वीच्या मध्याकडंच रोखून उभा आहे. आपण तर उतारावर उभे आहोत, एवढ्या मोठ्या गोलाच्या, आणि पडत नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. मागून ऊसगाडी हॉर्न देत होती, ते त्यांना ऐकू आलं नाही.

रविवारी मैदान भरलं. आकाराम आण्णांनी सुरुवातीलाच सरांना पुढं बोलावलं. निवेदन वाचा, मग बाकीचं बोलू, असं त्यांचं सांगणं. सरांनी कागद काढला आणि चार मुद्दे वाचले. सर्टिफिकेटचा प्रश्न, मराठीचा, इतिहासाचा, मध्येच योजना बंद पडली तर काय, हा. चारही ठासून वाचले. पाचव्यापाशी ते थांबले.

“पाचवा मी खोडतोय,” ते म्हणाले. “तो खोटा हाय. मीच लिवलाय, मीच सांगतोय.”

मग त्यांनी शुक्रवारी काय झालं ते सांगितलं. सावली, अजमेर, साडेनऊ अंश. मुलांनी काय वापरलं तेही सांगितलं, की त्यातलं एकही गणित परदेशातलं नव्हतं, सगळं आपल्याच पुस्तकातलं होतं. नव्या पुस्तकानं फक्त ते उन्हात नेलं. “ते मला सव्वीस वर्सांत सुचलं न्हाय,” ते म्हणाले, “हा दोष बोर्डाचा न्हाय. माझा हाय.”

दोन्ही तटांना काय करावं कळेना. आण्णा चिडले होते. त्यांनी संयोगिताला उभं केलं आणि पृथ्वी खरंच तू मोजलीस का, असं विचारलं. ती म्हणाली, मी नाही, आम्ही आणि अजमेरवाल्यांनी मिळून. आण्णांनी तिला तो आकडा दोनदा सांगायला लावला. त्यांचा चेहरा देवळात उभ्या राहिलेल्या माणसासारखा झाला होता.

तरी ठराव विरोधातच झाला. सर्टिफिकेटचं लेखी उत्तर मिळेपर्यंत योजना नको. सरांनीही त्याच बाजूनं हात वर केला आणि मुबशिरा मॅडमना ते लागलं. आठ दिवस त्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. मे महिन्यात पत्र आलं, की शाळेचं नाव यादीतून वगळलं आहे. लेखी उत्तर कधीच आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या पहिल्या तासाला सर पुस्तक न घेता आले. यंदा काय मोजायचं, असं त्यांनी मुलांना विचारलं. कुणी पंचगंगेचं पाणी म्हणालं, कुणी धुराड्याची उंची. संयोगितानं चंद्र किती लांब आहे, असं विचारलं.

आकडा सरांना पाठ होता. तो इथं बसून कसा काढायचा, ते ठाऊक नव्हतं.

“मला येत न्हाय ते,” ते म्हणाले. “थांब, मॅडमना घेऊन येतो.”

दोघं मिळून आले तेव्हा बाहेर झड लागली होती. आभाळ मोकळं व्हायला दसरा तरी उजाडणार होता, म्हणजे तयारीला चार महिने होते.