पाटीवर पाचशे

पाटी: ५०० वॉट

शिवप्रियानं अप्पांना चिठ्ठी लिहून दिली होती. निळ्या पेनानं, ठळक. ५५० वॉट. वजन दीड किलोच्या वर. तपासणीचा शिक्का असलेला. आणि खाली चौथी ओळ तिनं मुद्दाम घातली होती : असा नसेल तर काहीच आणू नका.

शुक्रवारी दुपारी तिचे अप्पा, म्हणजे गुंडाप्पा, धाराशिवहून आले. पिशवीत तांब्याची तार, चार बेअरिंगं आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एक पॉवर सप्लाय. पाचशेचा. हातात घेतला तर आत काही ठेवायचं राहून गेलंय की काय असं वाटावं, इतका हलका.

"अप्पा, चिठ्ठी वाचली का?"

"वाचली की."

"मग हे काय?"

"अगं, पाटीवर पाचशे हाय म्हंजी आत सहा-सातशे असणारच. पाट्या मला शिकवती व्हय?"

ही चूक साऱ्या जळकोटात गुंडाप्पाच करू जाणे. हायवेच्या कडेला त्यांचं मोटरी भरायचं दुकान, मागं घर. तीस वर्षं त्यांनी जळालेल्या मोटरींची तार सोडवली आणि नवी भरली. आणि तीस वर्षं पाट्या मारल्या. शेतीपंपाचं बिल मोटरीच्या एचपीवर लागतं, म्हणून मोटर पाचची आणि पाटी तीनची. पुढं साडेसातपर्यंतचं बिल माफ झालं, तशी दहाच्या मोटरींची साडेसातच्या पाटीसाठी रीघ लागली. जुनी पाटी काढायची, कोरा पत्रा ऐरणीवर ठेवायचा, त्यावर नंबराचा पंच धरायचा, हातोडीचा एक ठोका. गुंडाप्पांच्या उभ्या हयातीत पाटी नेहमी कमीच बोलत आली. जास्त बोलणारी पाटीही जगात असते, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

शिवप्रियाला रडू नाही आलं. तिला राग आला, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

पाटी: ग्राफिक्स कार्ड, १७० वॉट

या पाटीत खोटं काही नव्हतं.

नळदुर्गच्या क्लासमध्ये दोन वर्षं पोरांना टायपिंग शिकवून तिनं हे कार्ड घेतलं होतं. पुण्यातली एक कंपनी नवे गेम बाजारात जाण्याआधी लोकांना खेळायला लावते. कुठं भिंतीतून माणूस आरपार जातो, कुठं घोडा हवेत लटकतो, ते शोधून लिहून पाठवायचं, त्याचे पैसे. शिवप्रिया जुन्या लॅपटॉपवर हे करत आली होती. आता त्यांनी मोठा गेम द्यायचं ठरवलं होतं. सोमवारी अकराला दोन तासांची चाचणी. मशीन तुमचं. मधे बंद पडलं तर तुम्ही बाद.

"खेळायचे पैसे देत्यात?" अव्वा, म्हणजे तिची आई शांतम्मा, अजून दर आठ दिवसांनी विचारायची. "आणि मग हरल्यावर?"

नव्या कॉम्प्युटरचे सगळे भाग आले होते. राहिला होता फक्त सप्लाय, आणि अप्पा धाराशिवला चाललेच होते, म्हणून त्यांना सांगितलं. एवढंच तिचं चुकलं.

गणित तिनं त्यांना आधी समजावलंही होतं.

कार्ड : १७०
प्रोसेसर : ९०
बाकी सगळं : ५०
एकूण : ३१०

आणि कार्ड मधेच उसळी मारतं, म्हणून वर भरपूर मोकळीक. सप्लाय खोटा असला तर तो एकटा जात नाही, जाताना कार्डालाही घेऊन जातो. अप्पांनी मान हलवली होती. मोटर सुरू होताना पाच-सहा पट ओढते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. सगळं समजून, मान हलवून, हा माणूस पाचशेचा डबडा घेऊन आला होता.

"कुणाकडून घेतला?"

"इंद्रजितकडनं. आपल्या गावचा माणूस हाय, फसवंल व्हय?"

पाटी: हेडलाइट, १२ व्होल्ट, ५५ वॉट

"फसवलंय का नाही ते बघू," शिवप्रिया म्हणाली.

शेजारी योगीराजचं ट्रॅक्टरच्या वायरिंगचं दुकान होतं. तिथून तिनं ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे सहा बल्ब आणले. बल्ब बारा व्होल्टचे आणि सप्लायची पिवळी तारही बारा व्होल्टची. एका फळीवर सहा बल्ब ठोकले, प्रत्येकाला वेगळं बटण. अप्पांनी तारा जोडून दिल्या, व्होल्ट मोजायला मीटर लावला. जोडताना ते मजेत होते. पोरीला आता दाखवतोच, असा त्यांचा चेहरा.

एक बल्ब. बारा व्होल्ट.

दोन. पावणेबारा.

तीन. पावणेबारा. "बघ," अप्पा म्हणाले.

चार. साडेअकरा. पंखा घोंघावायला लागला.

"पाच लावा," शिवप्रिया म्हणाली. "पाच म्हणजे पावणेतीनशेच होतात. तुमच्या पाचशेच्या निम्म्याहून जरासे वर."

पाचवं बटण दाबलं आणि पाचही बल्ब एकदम पिवळे पडले. मीटर दहावर आला. डब्यातून जळक्या लाखेचा वास निघाला. हा वास गुंडाप्पांना झोपेतसुद्धा ओळखू आला असता. त्यांनी वायर ओढून काढली.

योगीराज दारात उभा होता. तो म्हणाला, "काका, ह्याच्यात पाचशे कुठं हायत? स्टिकरच्या वजनासकट धरले का?"

अप्पांच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. त्यांनी सप्लायचे चार स्क्रू काढले. आत बोटाएवढा ट्रान्सफॉर्मर होता आणि बाकी हवा.

"पाटी खोटी," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, जसं कुणी त्यांच्या घरात शिरून देव पालथा घातलाय. "पाटी मारून माल खपवतो. लाज न्हाय?"

शिवप्रियानं त्यांच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण ते नेमकं काय, ते अजून जुळत नव्हतं.

पाटी: एकदा विकलेला माल बदलून मिळणार नाही

शनिवारी दोघं एसटीनं धाराशिवला गेली. फळी अप्पांच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "वरात कुठं निघाली मामा?" अप्पा हसले नाहीत.

इंद्रजितनं अप्पांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं बोलणं त्यांच्याशीच केलं.

"काका, पोरीला काय गेम खेळायचाय ना? मग पाचशे बास झालं."

"कार्ड एकशे सत्तरचं आहे," शिवप्रिया म्हणाली.

"काका, आजकालची पोरं यूट्यूब बघत्यात आणि—"

"मी इकडं बसलेय. मला सांगा."

त्यानं तिला सांगितलं नाही. तिनं फळी काउंटरवर ठेवली, सप्लाय लावला, एकेक बटण दाबत गेली. पाचव्याला दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. इंद्रजितनं स्वतःच वायर काढली.

"बंद पडला का? नाही ना? मग चालू माल कसा बदलून देऊ?"

"आणि बंद पडला असता तर?"

"तर तुम्ही लोड टाकून जाळला म्हणालो असतो. जाळलेल्याला वॉरंटी नसते, ताई."

इतका वेळ पोरगी होती, आता ताई झाली. शिवप्रियाला वाटलं, ती फळी उचलावी आणि या माणसाच्या डोळ्यांसमोर धरावी, सगळे दिवे लावून.

"पाटीवर खोटं लिहून विकतोस," अप्पा म्हणाले. "गावाचं नाव घालवतोस, इंद्रजित."

इंद्रजित हसला. वाईट हसला असंही नाही. आपल्याच माणसाकडं बघून हसतात तसा.

"काका, माझ्या हिरीवरच्या मोटरीला पाचाची तीन कुणी केली? आमच्या बाबांच्या? आता मी दहाची टाकलीय, ती परवा तुमच्याच दुकानात येणारंय, कशाला ते तुम्हाला ठाऊक आहे." त्यानं मागच्या फळीवरून एक खोका काढला आणि काउंटरवर ठेवला. चांगला जड आवाज झाला. "हा साडेपाचशेचा. खरा. तुमच्या पोरीच्या चिठ्ठीतलाच. तेवढी साडेसातची पाटी मारून द्या, मग जुना परत करून हा घेऊन जा. वरचा एक रुपया नको."

अप्पांनी खोक्यावर हात ठेवला.

"उद्याच देतो मारून," ते म्हणाले.

पाटी: डीपी, ६३ केव्हीए

परत येताना तुळजापूर मागं पडल्यावर शिवप्रिया म्हणाली, "आपल्या डीपीवर मोटरी किती आहेत?"

"अकरा."

"पाटीवरचे आकडे सांगा."

अप्पा तोंडपाठ सांगत गेले. ती तिकिटाच्या पाठीमागं लिहीत गेली. बावन्न एचपी.

"आता खरे."

"खरे म्हंजी?"

"तुम्ही बदलायच्या आधीचे."

गुंडाप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. पण मोटर भरणारा माणूस मोटर विसरत नाही. त्यांनी तेही सांगितले.

पाट्यांवर : ५२
जमिनीत : ८३
डीपी झेपवतो : ६५

"पाट्या बघितल्या तर डीपी पुरतो," शिवप्रिया म्हणाली. "म्हणून वीज कंपनी मोठा ट्रान्सफॉर्मर बसवत नाही. आणि दर रब्बीला जळतो. मागं एकोणीस दिवस अंधार होता अप्पा, आणि तुम्ही सबस्टेशनवर जाऊन त्या वायरमनला आईबहिणीवरनं शिव्या दिल्या. लोकांनी तुम्हाला पुढं केलं होतं. मी पण टाळ्या वाजवल्या."

"सगळं गावच करतं."

"पंच एकाच्याच दुकानात आहे."

"मी लोकांचं भलं केलं. बिल कमी केलं."

"आणि इंद्रजितनं माझं स्वस्तात काम केलं."

"तो आणि मी सारखा व्हय?" अप्पांचा आवाज इतका चढला, की पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. "मी कुणाला फसवलं सांग. शेतकऱ्याला ठाऊक असतं आत किती हाय ते."

"डीपीला ठाऊक नसतं."

नळदुर्ग आलं, गेलं. मग अप्पा हळू म्हणाले, "तुझ्याचसाठी मारणार हाय ना आता. सोमवारी अकराला तुझंच हाय ना ते."

तिला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला. कारण ते खरं होतं. तो जड खोका तिला हवा होता. त्याचा काउंटरवर झालेला आवाज अजून तिच्या कानात होता.

पाटी: (कोरी)

रविवारी सकाळी इंद्रजितचा भाऊ कृष्णराज टेम्पोत मोटर टाकून आला आणि उतरवून चहाला गेला. अप्पांनी जुनी पाटी काढली. ऐरणीवर कोरा पत्रा ठेवला. सात, टिंब, पाच : तीन पंच काढून ओळीनं मांडले. आणि हातोडी घेऊन नुसतेच बसले.

शिवप्रिया समोर उभी होती.

"मार तूच," ते म्हणाले. "सप्लाय तुझा, पाटी तुझी. काय मारायचं ते मार. मी बघत न्हाय." आणि खरंच भिंतीकडं तोंड करून बसले.

तिनं पंचांचा डबा ओढला. एक काढला. शून्य काढलं. पहिला ठोका तिरका बसला, एक जरासा कलला. शून्य मात्र नीट उमटलं.

दोनच ठोके ऐकून अप्पांनी मान वळवली. साडेसातला तीन ठोके लागतात, हे कळायला त्यांना बघायची गरज नव्हती.

चहा घेऊन परतलेल्या कृष्णराजनं पाटी पाहिली आणि तिथूनच फोन लावला. इंद्रजितचा आवाज दुकानभर ऐकू आला. "काका, मग सप्लाय विसरा."

"मागतंय कोण?" गुंडाप्पा म्हणाले.

"दुसरीकडं मारून घेईन मी."

"घे. तुझ्या दुकानातच मार. तुला जमतंय."

फोन ठेवल्यावर ते पोरीकडं बघेनात. शांतम्मा चहाचे कप घ्यायला आली. तिनं दोघांची तोंडं पाहिली आणि म्हणाली, "हरली व्हय गं?"

पाटी: ५०० वॉट (तीच)

उरला होता तो हलका डबा.

साडेपाचशेचं काम त्याच्याकडून होणार नव्हतं. पण चार बल्ब, म्हणजे दोनशे वीस वॉट, त्यानं ओढले होते. शिवप्रियानं रविवारचा उरलेला दिवस उलटं गणित मांडण्यात घालवला. सप्लाय वाढत नाही तर ओढणं कमी करायचं. कार्डाला सेटिंगमधून वेसण घातली : एकशे सत्तरवरून शंभर. प्रोसेसर पन्नासवर आणला. गेमचं चित्र खालच्या पायरीवर. झाडांना सावल्या नाहीत, पाण्यात प्रतिबिंब नाही. अप्पा बारा व्होल्टच्या तारांवर करंट मोजायचा मीटर धरून बसले आणि दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्यानं सांगत राहिले. तिनं विचारलं नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता तिनं गेम सुरू केला. पुण्याहून एक मुलगी फोनवर होती. "तुमच्याकडं जरा अडखळतोय का?"

"अडखळतोय. पण बंद पडणार नाही."

घोडा दगडावरून चालला. चित्र तुटत होतं, पुन्हा जुळत होतं. अप्पा टेबलाखाली बसले होते, सप्लायच्या पत्र्यावर तळहात ठेवून, शेजारी मीटर आणि आकडे लिहायचा कागद. मोटरीला हात लावून ते सांगतात, किती दिवस काढेल ते.

पाऊण तासानं घोडा नदीत शिरला आणि पाण्याखाली तसाच चालत राहिला, श्वासबीस काही नाही. शिवप्रियानं ते लिहून पाठवलं. मग आणखी दोन. एक वाजून दोन मिनिटांनी ती मुलगी म्हणाली, "ठीक आहे, उद्या याच वेळी बसा. मशीन जरा चांगलं करा पुढच्या महिन्यात."

"करते."

फोन ठेवल्यावर टेबलाखालून आवाज आला. "गरम हाय. पण हात ठेवता येतो."

ते बाहेर आले. खिशातून कोरा पत्रा काढला, स्टिकरवर बसेल असा कापलेला, कोपऱ्यांना भोकं पाडलेला. कधी कापला कोण जाणे.

"किती मारू?"

तिनं मीटरचा कागद बघितला. दोन तासांत सगळ्यात वरचा करंटचा आकडा तिनं बारानं गुणला. "एकशे नव्वद."

"दोनशे मारतो. बरं दिसंल."

"अप्पा."

गुंडाप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग ऐरणीकडं गेले, डबा उघडला आणि शून्याच्या शेजारचा नऊ शोधायला लागले.