कारणाचा रकाना

गॅरेजचं दार मंगळवारी सकाळी रुसलं. उघडलं नीट, पण बंद करायला बटण दाबलं की वीतभर खाली यायचं, काहीतरी विसरल्यासारखं थबकायचं आणि परत वर. वरून छताला टांगलेल्या मोटरचा दिवा डोळे मिचकावायचा, म्हणजे जखमेवर मीठ.

घरातले सासरे चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे फोरमन म्हणत. कामावरची शिस्त त्यांनी घरी आणली होती. प्रत्येक यंत्राशेजारी खिळ्याला एक कार्ड: तारीख, बिघाड, कारण, उपाय, सही. मिक्सरलासुद्धा. कारणाचा रकाना दुरुस्ती झाल्यावरच भरायचा, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी मात्र त्यांनी तो आधीच भरला: 'सूनबाईंनी गाडी घासली.'

घासली होती, हे खरं. नुकतीच गाडी शिकलेल्या सुनेने सोमवारी संध्याकाळी गाडी आत घेताना डावीकडच्या चौकटीला गाडीचा आरसा घासला होता, आणि आपणहून येऊन सांगितलंही होतं. बोटभर रंग गेला होता, एवढंच. पण फोरमननी मंगळवारी जेवणाच्या टेबलावर, बायकोसमोर आणि फिरतीवर असलेला मुलगा फोनवर ऐकत असताना, किल्ली मागून घेतली.

"यंत्राला जीव नसतो, पण मान असतो. तो कळेपर्यंत किल्ली माझ्याकडे."

सून ताटाकडे बघत राहिली. येत्या सोमवारपासून तिला गावाबाहेरच्या इस्पितळात पहाटेची पाळी मिळाली होती. त्या वेळी तिकडे बस जात नाही. किल्ली गेली म्हणजे नोकरी गेली, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

शनिवारी दुपारी फोरमन शिडी घेऊन कामाला लागले. लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवलं आणि हाताने उचलून पाहिलं. पिसासारखं वर गेलं. म्हणजे स्प्रिंग शाबूत. दार परत मोटरला जोडलं. साखळी ताणलेली, रिमोटला नवी बॅटरी. मग मोटरचं झाकण काढलं आणि तासभर त्यात डोकं घालून बसले.

बायको चहा घेऊन आली. "अहो, दुखतंय पायात आणि तुम्ही डोकं तपासताय, असं तर नाही ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही बाई कळत. म्हणून तर मी कार्डं लिहीत नाही."

ती गेली. फोरमननी चिडून भिंतीवरचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. दार सुरळीत खाली आलं. थेट जमिनीपर्यंत.

बटण धरून ठेवलं की दार आपल्या पायाजवळच्या डोळ्यांचं ऐकत नाही. दोन बाजूंना जमिनीलगत दोन छोटे डोळे असतात, एकमेकांकडे बघत. मध्ये कुणी आलं तर दार थांबावं म्हणून. शिकाऊ पोरगाही आधी तेच तपासतो.

ते गुडघ्यावर बसले. डाव्या डोळ्याचा दिवा लागलेला होता. आरसा घासला होता तो त्याच्या कितीतरी वर. उजवा डोळा अंधारलेला, ज्या पत्र्यावर बसवला होता त्यासकट भिंतीकडे वळलेला. पत्र्यावर निळ्या रबराचा फराटा होता.

निळं रबर घरात एकाच वस्तूला होतं. शिडीच्या पायांना त्यांनीच बसवलेलं. आणि शिडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हाही त्यांचाच हुकूम.

सोमवारी रात्री सुनेने सांगितल्यावर ओरखडा नीट दिसावा म्हणून त्यांनी शिडी लावून नवा बल्ब बसवला होता. मग रागारागाने ती उजव्या कोपऱ्यात ढकलून दिली होती.

त्यांनी पत्रा दोन बोटं वळवला. दिवा लागला. दार खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. अर्ध्या मिनिटाचं काम. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि पहिला विचार मनात आला तो हाच.

तेवढ्यात आतल्या दारात सून उभी राहिली, हातात फोन.

"झालं का बाबा? माझ्यामुळे तुम्हाला आठवडाभर त्रास."

"हं," फोरमन म्हणाले.

त्या 'हं'ची त्यांना पुढे कित्येक दिवस शिसारी आली.

"इस्पितळात फोन करून नाही म्हणून सांगते. त्यांना ताटकळत ठेवायला नको." तिचा आवाज बारीक झाला. "आणि खरं सांगू? दार मोडलं माझ्या हातून. उद्या तिथे एखाद्या रुग्णाला काही झालं तर?"

ती नंबर शोधू लागली. एका चुकीच्या ओळीने पोरीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडवला होता. जमीन दुभंगली असती तर ते बरं म्हणाले असते.

"थांब."

त्यांनी कार्ड खिळ्यावरून काढलं. फाडून खिशात घालावंसं फार वाटलं. पण कार्डावर खाडाखोड करायची नाही, एकच रेघ मारायची आणि खालचं वाचता आलं पाहिजे, यावरून त्यांनी किती पोरांना फैलावर घेतलं होतं! त्यांनी एक रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'शिडी. मी रागाने ढकलली,' सही केली आणि कार्ड किल्लीसकट तिच्यापुढे धरलं. मान काही वर होईना.

तिने कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. 'असू दे बाबा' ती म्हणाली नाही. किल्ली घेतली, कार्ड परत दिलं.

"टेबलावर बोलला होतात ना," ती हळूच म्हणाली, "मग तिथेच सांगा."

संध्याकाळी ताटं मांडली. बायकोने मुलाला फोन लावून तो मिठाच्या वाटीला टेकवून ठेवला. सून बसली होती, या खेपेला समोर बघत. फोरमननी चष्मा लावला आणि कार्ड वाचायला घेतलं, आधी रेघ मारलेली ओळ, मग तिच्याशेजारची. 'रागाने'शी आवाज फाटला.

"नीट ऐकू नाही आलं बाबा," फोनमधून मुलगा म्हणाला.

फोरमननी पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.