ओठांनी बोलणारं घर

ठिणगीचं शाळेशी काही वैर नव्हतं. वैर होतं ते बाकाशी. बसा म्हणजे बसा, उठा म्हणजे उठा, आणि हिच्या बुडाला तर जन्मापासून भोवरा लावलेला. एकाच वर्गात दुसऱ्यांदा बसून अठराची झाली, तेव्हा गणिताच्या सरांनी तिला बाहेर उभं केलं. ती बाहेरच्या बाहेर घरी आली आणि परत गेलीच नाही. बाबांनी शिव्या घातल्या. आईनं दप्तर उचलून कपाटावर टाकलं आणि म्हणाली, "चल मग कारखान्यात. तिथे बसायचं नसतंच, उभंच राहायचं असतं. बघू भोवरा किती फिरतो."

कारखाना खिळ्यांचा. तारेचं वेटोळं एका बाजूनं मशीनमध्ये शिरतं, मशीन तारेला मानगुटीला धरतं, डोक्यावर ठोसा घालतं, खाली टोक छाटतं आणि खिळा पेटीत टाकतं. पापणी लवायच्या आत. अशी मशीनं शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओळीनं. ठिणगीचं घर याच शेडच्या मागच्या भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे आवाज काही तिला नवा नव्हता. पण घरात तो भिंतीपलीकडून यायचा, शेजारच्या म्हातारीच्या कुरकुरीसारखा. कुणाचं लक्ष नसायचं. फडताळातली भांडी दिवसभर एकमेकींना खेटून थरथरायची, आणि मामा कधी आला की चहाच्या कपाकडे बघत म्हणायचा, "ताई, भूकंप होतोय का गं?" तर घरातले सगळे विचारायचे, "कुठे?"

शेडमध्ये आत पाऊल टाकलं तेव्हा मात्र ठिणगीच्या डोक्यावर कुणी पत्र्याचं पिंप उपडं घातलं आणि बाहेरून बडवायला लागलं. आई तिच्यासमोर उभी राहून काहीतरी म्हणाली. ठिणगी ओरडली, "काय?" आई परत म्हणाली. ठिणगी परत ओरडली. शेजारच्या मशीनवरच्या काकू हसायला लागल्या. हसताहेत हे फक्त दिसत होतं.

मग तिच्या लक्षात आलं की इथे ओरडतेय ती एकटी आपणच. बाकी सगळ्यांची तोंडं हलत होती, पण घशातून कुणी आवाज काढतच नव्हतं. ओठ मोठे करून, भुवया उडवून, मध्येच बोटानं दाखवून बोलायचे. तिकडे याला ओठबोली म्हणायचे. आणि ओठबोलीत आईला तोड नव्हती. ओळीच्या एका टोकाहून तिनं मुकादमाची चाल करून काहीतरी विनोद टाकला की दुसऱ्या टोकाची काकू पोट धरून वाकायची. मुकादम मध्ये उभा असायचा तो बिचारा दोन्हीकडे बघत राहायचा. घरी गरजेपुरतं बोलणारी आई ही. ठिणगी बघतच बसायची. हिला एवढं बोलता येतं?

सुरुवातीला ठिणगीला दर दिवशी वाटायचं की उद्या यायचं नाही. कानात रबरी बुचं घातली तरी ठोके दातांतून आत यायचे. आई तिची बुचं गळ्यात माळेसारखी अडकवायची आणि मुकादम दिसला की तेवढ्यापुरती कानात.

"तू का नाही घालत?" ठिणगीनं ओठांनी विचारलं.

"मशीनची तब्येत कळत नाही मग," आई म्हणाली. "तू घाल गपचूप. आगाऊ."

आणि एका सकाळी अजब झालं. ठिणगी मशीनशी उभी होती आणि तिला एकदम वाटलं, सगळं बंद पडलंय. लाइट गेली. ती दचकून काकूंकडे वळली. "बंद का पडलं?"

"काय बंद पडलं?"

समोर तार पळत होती, खिळे पडत होते, पेटी थरथरत होती. सगळं चालू होतं. तिलाच ऐकू येईनासं झालं होतं. एवढा मोठा राक्षस, आणि कानानं त्याला चक्क उंबऱ्याबाहेर बसवून दार लावून घेतलं होतं. काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "मुरलीस बाई. लोणच्यासारखी मुरलीस." ठिणगीला आनंद व्हायला हवा होता. तिला भीती वाटली. जो आवाज आहे तो येत नाही, तर मग आणखी काय काय येत नसेल?

उत्तर त्याच आठवड्यात जेवताना मिळालं, म्हणजे उत्तर कसलं, गुंताच.

आईबाबा जेवताना एकमेकांकडे बघून तोंड हलवायचे. लहानपणापासून ती बघत आलेली. तिला वाटायचं, चावताहेत. नाहीतर नवराबायकोचं काहीतरी असेल, आपल्याला काय करायचंय. बाबा पूर्वी शेडमध्येच होते, पाठ धरली म्हणून आता पॅकिंगमध्ये. दोघांचं लग्नसुद्धा म्हणे मशीनच्या दोन बाजूंना उभं राहूनच ठरलं. त्या दिवशी ठिणगीनं घास तोंडात घालता घालता वर बघितलं, आणि बाबांच्या ओठांवरचं तिला वाचता आलं. स्वच्छ. पाटी वाचावी तसं.

"तिला सांगून टाकू या," बाबा म्हणत होते.

"अजिबात नाही," आई.

"कळलं तर काढून टाकतील. तपासायला येणारेत."

"नाही कळणार. तू गप जेव."

ठिणगीचा घास तोंडातच राहिला. म्हणजे एवढी वर्षं हे दोघं तिच्या डोक्यावरून तिच्यासमोर बोलत होते. ताटात बघून, मिठाची वाटी सरकवत. आणि काढून टाकतील म्हणजे कुणाला? मागच्याच आठवड्यात तिनं मुकादमाला सगळ्यांसमोर "तुमचं डोकं मशीनखाली द्या, टोक तरी येईल" म्हणून सुनावलं होतं. तिलाच काढणार, दुसरं कोण. आणि आईबाबांना आधीच माहिती. आणि सांगायचं नाही. तिनं भांडं आपटलं आणि उठली.

"काय झालं हिला?" बाबांनी आवाजात विचारलं.

"भोवरा," आई म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असायचा, आणि तो दिवस या घराला खायला उठायचा. फडताळातली भांडी मेल्यासारखी गप्प. बाबांना दुपारची झोप यायची नाही. ते पडल्या पडल्या बोटांनी खाटेच्या कडेवर ठकठक करायचे, तेव्हा कुठे डोळा लागायचा. त्या दुपारी आई स्वयंपाकघरात पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होती. ठिणगी दारात उभी राहिली. भांडायची पूर्ण तयारी करून आली होती.

"आई, मला काढणारेत का कामावरून?"

आईनं एका शर्टाची बाही सरळ केली.

"मी विचारतेय काहीतरी."

आईनं दुसरा शर्ट घेतला.

"नसेल बोलायचं तर तसं सांग ना. तोंड फिरवून काय बसतेस?"

काहीच नाही. ठिणगीचं डोकं फिरलं, तिनं पाय आपटला. आई लगेच वळली. हसून. "काय गं?"

या घरात आईला हाक मारायची म्हणजे पाय आपटायचा, हे तिला लहानपणापासून माहिती. बाबाही तेच करायचे. कारखान्याचा आवाज असतो ना, म्हणून. मामा हसायचा, म्हणायचा, तुमच्याकडे माणसं आहेत की घोडे. पण आज कारखाना बंद होता. खिडकीबाहेर कुणाच्या तरी सायकलची चेन घासत जात होती, तीसुद्धा ऐकू येत होती.

"काही नाही," ठिणगी म्हणाली, आणि मुद्दाम ओठ न हलवता, दातांतल्या दातांत पुढे म्हणाली, "घराला आग लागलीय."

"बरं," आई म्हणाली, आणि परत घड्या घालायला लागली.

ठिणगी बाहेर आली आणि बाबांच्या खाटेवर बसली. बाबांची बोटं थांबली.

"आईला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

बाबा उठून बसले. "थोडं येतं. जाडा आवाज येतो. बारीक नाही."

"कधीपासून?"

"तू शाळेत जायला लागलीस त्याच्या आसपास. हळूहळू जातं ते. एका दिवसात जात नाही की माणूस बोंब मारेल."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, माझे आई. तुला सांगायचं आणि काकूला सांगायचं एकच, आणि काकूला सांगायचं म्हणजे भोंग्याला."

"मग काढणार म्हणजे तिला?"

"तुला कुणी सांगितलं काढणार म्हणून?"

"तुम्हीच. जेवताना."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मुरलीस म्हणजे." मग त्यांनी सांगितलं. कान तपासणारी माणसं येणार आहेत. ज्याचे कान गेलेत त्याला मशीनवरून उचलून पॅकिंगमध्ये बसवणार. काढणार म्हणजे मशीनवरून; घरी नाही घालवणार, नुसती जागा बदलणार.

"मग बरंच आहे की. उरलेलं तरी राहील."

"मलाही तसंच वाटतं," बाबा म्हणाले. "पण पॅकिंगमध्ये शांतता असते गं. तिथे माणसं आवाजात बोलतात. माना खाली घालून, हातानं डबे भरत. ओठ दिसत नाहीत कुणाचे. शेडमध्ये सगळेच बहिरे, आणि बहिऱ्यांत ती राणी. तिकडे आली की एकटी बहिरी." त्यांची बोटं परत कडेवर वाजायला लागली. "मला नाही कळत काय बरोबर. मी तिला तिचंच ऐकू देतो. म्हणजे, करू देतो."

ठिणगीला रागवायचं होतं, पण राग कुणावर धरायचा ते सापडेना. आईवर धरावा तर ती राणी. बाबांवर धरावा तर ते खाट वाजवताहेत. मशीनवर धरावा तर त्यानंच आईला बोलतं केलेलं आणि त्यानंच कान खाल्लेले. आता याला काय म्हणायचं?

तपासणी ऑफिसात झाली. कोपऱ्यात एक जाड भिंतींची पेटी आणून ठेवलेली, कपाटाएवढी, तिला काचेची खिडकी. माणसानं आत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर टेबलाशी तपासनीस बाई बसलेली, तोंड स्क्रीनकडे, हात स्क्रीनच्या आड. रांग खुर्च्यांवर. आईच्या मागचा नंबर ठिणगीचा.

आई आत गेली, दार लागलं. तपासनीस बाई तिच्या यंत्राची कळ दाबायची आणि आत आई बटण दाबायची. कळ, बटण. कळ, बटण. मुकादमानं मान डोलावली. बाईनं "छान" म्हटलं. ठिणगी चक्रावली. बाबा खोटं बोलले? की सायकलच्या चेनच्या दिवशी आपणच काहीतरी वेड्यासारखं समजलो? घराला आग लागली तरी 'बरं' म्हणणारी बाई ही.

मग तिनं आईचे डोळे बघितले. आई बाईकडे बघतच नव्हती. ती बघत होती बाईच्या मागच्या फाइलींच्या कपाटाकडे. त्याला काचेची दारं होती, आणि काचेत बाईचा हात दिसत होता. बोट वाकलं की आई दाबत होती. आयुष्यभर माणसांची तोंडं वाचलेली बाई, तिला एक बोट वाचायला कितीसं कठीण.

ठिणगीला हसू आलं. मग ती उठली. का उठली ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. पाय अवघडले असतील. भोवरा असेल. ती उठली आणि दोन पावलं चालून खिडकी आणि कपाटाच्या बरोबर मध्ये उभी राहिली.

बाईनं कळ दाबली. आत काही नाही.

आई काचेतून ठिणगीकडे बघत होती. ओठ हलले. "सरक."

ठिणगी उभी राहिली.

"सरक म्हणते ना. काय खांबासारखी उभी? मार खाशील."

परत कळ. परत काही नाही. बाईनं आवाज वाढवायचं चाक फिरवलं.

"आई," ठिणगी ओठांनी म्हणाली, "उरलेलं पण जाईल."

"जाऊ दे. माझं आहे."

"मग माझा आवाज?"

बाईनं चाक आणखी फिरवलं, आणखी फिरवलं, आणि खूप वेळानं आईचा अंगठा खाली गेला. बाईनं भुवया जवळ घेतल्या आणि स्क्रीनवर काहीतरी भरलं. मुकादम पुढे झाला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरेच्चा. हिला तर पॅकिंगला घ्यावं लागेल."

ठिणगीला अजून सरकता आलं असतं. ती सरकली नाही, आणि आपण बरोबर केलं असंही तिला क्षणभरसुद्धा वाटलं नाही.

आई बाहेर आली. ओठबोलीत माणसाशी बोलायचं नसलं की तोंड फिरवलं की झालं, दार लावल्यासारखं. ठिणगी त्याचीच वाट बघत होती. पण आईनं तोंड फिरवलं नाही. ती तिच्याकडे नुसती बघत राहिली, ओठ मिटून, आणि ते काही वाचता येईना.

"पुढचा नंबर," तपासनीस बाई म्हणाली.

ठिणगी आत बसली. जाड दार लागलं आणि जगातला सगळा आवाज पुसून गेला. एवढी शांतता तिनं कधी बघितली नव्हती, आणि ती शांत नव्हतीच. आत ठोके चालू होते. कानात, दातांत, कवटीच्या मागे, शेडची पूर्ण ओळ. हे हेडफोनमधून येतंय की माझ्यातून? त्या ठोक्यांच्या मागे एक बारीक शीळ होती. की नव्हती? तिनं दाबलं. मग वाटलं, चुकून दाबलं. मग वाटलं, आता आली होती आणि आपण दाबलं नाही.

तिनं वर बघितलं. काचेपलीकडे, बाईच्या खांद्याच्या मागे, आई उभी होती. बाईचा हात तिला वरून सरळ दिसत होता. बाईचं बोट वाकलं आणि आईनं हनुवटी खाली केली. आता. परत वाकलं, परत हनुवटी. आता. दाब ना, वेडे.

रागावली होती, डोळे लाल होते, आणि सांगत होती.

ठिणगीनं दाबलं. आवाज आला म्हणून दाबलं की आईनं सांगितलं म्हणून, तिला कळलं नाही. मग तिनं घट्ट डोळे मिटून घेतले आणि अंगठा बटणावर ठेवून त्या सगळ्या ठोक्यांमधून बारीक काही येतंय का ते ऐकत बसली.