रडक्या भिंतीचं घर

समोरच्या खोलीत पन्नासएक माणसं कोंबून बसली होती, खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या आणि भिंतीला पाझर फुटला होता. आधी ओलसर डाग उमटला, मग बारीक थेंब आले, मग त्यातले दोनचार घरंगळत खाली उतरले. लोकांनी हात जोडले. मधोमध पातेल्यात पाणी रटरटत होतं, त्याची वाफ सगळ्यांच्या चष्म्यांवर बसली होती. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला बाबा डोळे मिटून सांगत होता, "ही भिंत तुमचं दुःख पिते आणि तुमच्यासाठी रडते. ज्यानं शंका घेतली, त्याच्यासाठी कोरडी पडते." म्हणजे रडली तरी बाबाचं खरं आणि न रडली तरी बाबाचंच.

दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गवंड्याला किळस आली. त्यानं चाळीस वर्षं भिंती बांधल्या होत्या, आणि एकीनंही कधी कुणासाठी टिपूस गाळलं नव्हतं.

घर सुट्टीपुरतं भाड्यानं मिळणारं. जाहिरातीत लिहिलं होतं, समोर समुद्र, मागे शेतं, स्वयंपाक आपला आपण करावा. समुद्र दिसायचा, पण न्हाणीघरातल्या स्टुलावर चढलं तर. ओट्याशेजारी नियमांची यादी चिकटवली होती: भांडी घासून ठेवावीत, ओले टॉवेल खुर्चीवर टाकू नयेत, आणि सगळ्यांत खाली, दर बुधवारी दहा ते बारा समोरची खोली दर्शनासाठी मोकळी ठेवावी. त्या शेवटच्या ओळीमुळे घर कधी रिकामं राहत नसे. घरमालक हा बाबाचा साडू, हे मात्र यादीत नव्हतं.

हेच घर हवं म्हणून गवंड्याची थोरली बहीण हटून बसली होती. का, ते त्याला त्या बुधवारी दुपारी कळलं. तिला काचबिंदू होता. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा घालायला थेंब दिले होते आणि बजावलं होतं की यानं गेलेली नजर परत येत नाही, हे थेंब राहिलेली राखण्यासाठी आहेत. सहा महिन्यांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर इथं येऊन गेली आणि तिनं ते थेंब बंद केले. त्याऐवजी ती भिंतीवरून टिपलेलं पाणी डोळ्यांत घालत होती. आता बाटली संपत आली होती, ती भरून न्यायची होती.

"ताई, हे डोळ्यांत घालतेस?"

"चुरचुरतं रे. म्हणजे लागू पडतंय."

"मिरची घातलीस तरी चुरचुरेल."

"तुला मेलं कशात चांगलं दिसतच नाही," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. तो संध्याकाळपर्यंत भांडला, पण ती ऐकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या उघड्या होत्या, वारं खेळत होतं आणि भिंत ठणठणीत कोरडी होती. गवंड्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला. पांढरी भुकटी हाताला लागली. भिंतीला लोणा लागला होता, गिलाव्याचे पोपडे सुटत होते. त्यानं भुकटी जिभेवर ठेवली. खारट. एका पोपड्याखाली शिंपल्याचा तुकडाही सापडला. मग त्याला सगळंच कळलं, कारण हे पाप त्यानं स्वतः एकदा केलं होतं.

पडवीत अर्धं पोतं सिमेंट पडलेलं होतं. त्यानं किनाऱ्यावरून दोन बादल्या वाळू आणली. एक तशीच ठेवली, दुसरी गोड्या पाण्यानं सात वेळा धुतली. दोन कौलांवर गिलावा चढवून ती पुढच्या बुधवारपर्यंत वाळवली.

बुधवारी त्यानं दोन स्टुलं हातभर अंतरावर मांडली आणि एकेकावर एकेक कौल ठेवलं. बाबानं एक डोळा उघडून हे काय म्हणून विचारलं.

"माझी लेकरं आहेत. त्यांनाही दर्शन घडू दे."

खिडक्या लागल्या, पाणी उकळलं, माणसं घामाघूम झाली. अर्ध्या तासानं भिंत रडायला लागली, आणि तिच्याबरोबर उजवीकडचं कौलही. डावीकडचं कोरडंच राहिलं.

"पाहा, कौलावरही कृपा झाली," बाबा म्हणाला.

"मग दुसऱ्यावर का रुसली? दोन्हींची वाळू याच किनाऱ्याची. फक्त या कोरड्या कौलाची मी धुतून घेतली." गवंडी लोकांकडे वळला. "न धुतलेल्या वाळूत समुद्राचं मीठ असतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ना, तसं हे मीठ वाफ ओढून घेतं, तुमच्या श्वासातलीसुद्धा. कामाला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी मीही घाईत अशी वाळू वापरली होती. त्या घरमालकानं मला शिव्या घातल्या. तुम्ही इथं हात जोडताय."

बाबानं शंकेखोर, नास्तिक वगैरे सुरू केलं. गवंड्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. समोरच बसलेल्या बहिणीला तो म्हणाला, "ताई, यातलं कोरडं कौल कोणतं, तूच सांग."

तिनं पाहिलं. "कोरडं कुठाय? एकच तर आहे, ते ओलं."

सगळ्यांना दोन दिसत होती. तिनं हळूहळू मान डावीकडे वळवली, पार वळवली, तेव्हा कुठं तिला दुसरं कौल दिसलं. तिनं हात लांब करून ते चाचपलं. मग ओल्या कौलावरचं बोट जिभेला लावलं.

"मीठच आहे रे," ती म्हणाली आणि रडू लागली.

गवंड्यानं एकेक खिडकी उघडली. लोक खाली बघत चपला शोधू लागले, बाबा पातेल्यासकट मागच्या दारानं गेला. भावानं बहिणीच्या पिशवीतून तळाशी पडलेली डॉक्टरांची बाटली काढली, पण सील न फोडलेल्या त्या बाटलीची मुदत संपून गेली होती. मग सामान तसंच टाकून दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात निघाली.

कडेची नजर गेली ती गेली. उरलेली डॉक्टरांच्या थेंबांवर टिकून आहे. लोकहो, भिंत ओली दिसली तर गवंड्याला बोलवा आणि डोळा दुखला तर डॉक्टरकडे जा. बाबाला विचारण्यासारखं यात काही नाही.