रविंद्र सरांचं शेततळं

मित्रांनो, मी शिरड शहापूरच्या शिवारातलं एक जुनं शेततळं आहे. माझ्या शेजारून जाताना माणसं आवाज हळू करतात. असं का, ते आज तुम्हाला सांगतो. गोष्ट गोड नाही, तरी ऐका.

मला खणवलं ते रविंद्र सरांनी. ते वसमतच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या पत्नी करुणाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. हे छोटं शेत त्यांनी पोटासाठी नाही, हौसेसाठी घेतलं होतं. सुटी आली की दोघं स्कूटरवरून यायची आणि दिवसभर मातीत रमायची.

पोकलेननं माती उपसली, मग पाणी जिरू नये म्हणून माझ्या उतारांवर काळ्या प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला गेला. शेजारचे हळदवाले संतराम बघायला आले होते. त्यांनी कागदावर हात फिरवला.

"सर, लई निसरडा हाय ह्यो. वला झाला की मांजरबी वर चढनार न्हाई. गाठी मारलेला दोर सोडून ठेवा."

"मी सिद्धेश्वरच्या धरणात पोहून मोठा झालोय, संतराम," सर हसून म्हणाले.

"पवनं येगळं आन् बाहेर निघनं येगळं."

सरांनी ऐकलं. एक जाड दोर जागोजागी गाठी मारून माझ्या काठाला बांधला, भोवती जाळीचं कुंपण घातलं. मग पाऊस आला आणि मी भरलो.

काय दिवस होते ते! सरांनी माझ्यात मासे सोडले. माझ्या पाण्यावर पेरूची झाडं वाढली, शेळ्या पोसल्या. शाळेची मुलं सहलीला आली की काठावर बसून माझी चित्रं काढायची. पाहुणे म्हणायचे, "सर, शेताची शोभा तळ्यानं आहे." मला वाटायचं, आपल्यासारखं नशीब कुणाचंच नाही.

पण सरांचं मन एका जागी बसणारं नव्हतं. एक काम हातावेगळं झालं की दुसरं सुचायचं. कोंबड्या आणल्या. त्या मुंगसानं पळवायला सुरुवात केली, तेव्हा सरांनी माझ्या भोवतीची जाळी सोडवून खुराड्याला लावली. पुढच्या वर्षी सहलीला येणाऱ्या मुलांसाठी कडुलिंबाला झोका बांधायचं ठरलं. चांगला मजबूत दोर माझ्याच काठाला होता.

"तळ्याचा दोर काहून सोडून राहिले?" करुणाताईंनी विचारलं. "झोक्याला नवा आणा ना."

"तळ्याला नवा आणतो पुढच्या खेपेला. तिथं उतरतंय कोण?"

पुढच्या खेपेला अळिंबीची, म्हणजे मशरूमची, खोली उभी राहिली. त्याच्या पुढच्या खेपेला गांडूळखताचा हौद. मुलं झोक्यावर खिदळायची. माझा काठ मात्र मोकळाच राहिला. माझ्या उतारावर शेवाळ धरलं, ते कुणी घासलं नाही.

फेब्रुवारीतला एक रविवार होता. पेरूंना पाणी देऊन देऊन मी निम्म्यावर आलो होतो, म्हणजे पाण्यापासून काठापर्यंतचा निसरडा उतार आता लांबला होता. संतरामच्या शेतात हळद शिजवणं चाललं होतं. इंजिन धडधडत होतं. करुणाताई त्यांच्याकडे पेरू द्यायला गेल्या होत्या.

एक करडू पाणी प्यायला वाकलं आणि घसरत थेट माझ्यात आलं. सरांनी ते पाहिलं. चपला काढल्या आणि उडी घेतली.

त्यांनी करडू धरलं, कडेला आणलं, वर ढकललं. ते घसरत परत त्यांच्या अंगावर आलं. सरांनी पुन्हा ढकललं. शेवटी सगळा जीव एकवटून त्यांनी त्याला असं भिरकावलं, की ते कोरड्या कागदावर पडलं आणि धडपडत काठावर गेलं.

मग सर स्वतः वर चढू लागले. गुडघा टेकवायचे, सरकायचे. नखं रुतवायचे, कागद निसटायचा. ते दुसऱ्या कोपऱ्यात पोहत गेले. तिथंही तेच. त्यांनी हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात त्या विरून गेल्या. दम घ्यायला ते पाठीवर तरंगत राहिले, पुन्हा कडेला आले, पुन्हा घसरले. पाणी गार होतं आणि ओली पँट पायांना जड झाली होती.

मित्रांनो, ज्यांनी मला घडवलं, ते माझ्या अंगावर हात आपटत होते आणि मला त्यांना धरता येत नव्हतं.

करुणाताई परतल्या तेव्हा शेळी काठावर एकसारखी ओरडत होती. त्या धावत आल्या. त्यांनी खाली पाहिलं. मग झोक्याकडे धावल्या, पण मुलांच्या वजनानं दोराच्या गाठी घट्ट आवळल्या होत्या, त्या सुटेनात. त्यांनी पेरूतली ठिबकची नळी उपसली आणि माझ्यात फेकली.

"धरा. अहो, धरा ना नळी."

सरांनी धरली. ताईंनी ओढली. सर अर्ध्या उतारापर्यंत आले आणि त्यांच्या हातातलं बळ संपलं. नळी सुटली. ते खाली गेले, ते वर आले नाहीत.

करुणाताई उतारावर पाय टाकणार, तोच, इंजिन थांबताच त्यांची किंकाळी ऐकून धावत आलेल्या संतरामनं त्यांचा दंड धरला.

"ताई, उतरू नका. तुमीबी परत येनार न्हाईत."

संतरामच्या मागून आलेल्या मजुरांपैकी कुणीतरी विळ्यानं झोक्याचा दोर कापून आणला. तो कमरेला बांधून संतराम उतरले आणि मजुरांनी दोघांना वर ओढलं. करुणाताई सरांच्या छातीवर दाब देत राहिल्या. दवाखान्यात त्यांनी कित्येकांना असं जगवलं होतं. दवाखान्याची गाडी आली तरी त्या थांबत नव्हत्या. शेवटी डॉक्टरांनी त्यांचे हात धरून बाजूला केले.

पुढे नातेवाईक म्हणाले, हे तळं अपशकुनी, बुजवून टाका. एके दिवशी करुणाताई आल्या. किती वाळल्या होत्या! संतरामनं विचारलं, "ताई, मातीचं ट्रॅक्टर आनू का?"

"न्हाई. बुजवलं तर लोक म्हणतील, तळ्यानं माणूस खाल्ला. आन् आपापल्या घरी निवांत झोपतील." त्या संतरामकडे वळल्या. "दादा, तुमच्या तळ्याला दोर हाय का?"



"व्हता. उन्हानं कुजला. नवा बांधीन बांधीन म्हनलं."

"चला," करुणाताई म्हणाल्या आणि स्कूटरच्या डिकीतून नायलॉनच्या दोराचं नवं वेटोळं काढलं.

दोघं हळदीच्या शेताकडे चालत गेली. त्यानंतर त्या कितीतरी गावांत, कितीतरी काठांवर गेल्या म्हणतात. सरांशिवायच्या घरी मात्र त्यांना रोज परतावं लागतं. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

मित्रांनो, तुमच्याही शिवारात माझी भावंडं असतील. पाणी दिसायला शांत असतं, पण त्याला हात नसतात. आज घरी गेल्यावर मोठ्यांना एवढंच विचारा, आपल्या तळ्याला दोर आहे का? ते "उद्या बांधू" म्हणाले, तर तिथंच उभे राहा.